नौदलातून कोस्ट गार्डमध्ये: प्रमोशन आणि पेन्शनचा गुंता

सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी जोरात होती, १९७४ ला मुंबई हायचं तेल सापडलं, मग या दोन्हींवर पहारा हवा म्हणून १ फेब्रुवारी १९७७ ला नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट (युद्धनौका) आणि पाच गस्ती बोटी घेऊन कोस्ट गार्ड, म्हणजे तटरक्षक दल, सुरू झालं, कायदा १९७८ चा. सुरुवातीचे अधिकारीही नौदलाचेच. काही डेप्युटेशनवर आले, म्हणजे परत जायची वाट उघडी, आणि काही नौदल सोडून कोस्ट गार्डमध्येच कायमचे ॲब्सॉर्ब झाले.

सगळा घोळ 'सशस्त्र दल' या शब्दाचा. कायदा कोस्ट गार्डला संघाचं सशस्त्र दल म्हणतो, मंत्रालय संरक्षणच, शिस्त, युनिफॉर्म, समुद्रावरचा धोका सगळं तसंच, पण पेन्शनचा विषय आला की नियम नागरी नोकरांचे लागतात. मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकी नोकरीच्या खडतरपणाचा जादा पगार, फक्त तिन्ही सेनांना, सातव्या वेतन आयोगात अधिकाऱ्यांना महिना १५,५०० रुपये, आणि तो पेन्शनमध्ये धरला जातो, म्हणजे इकडे आलेल्याचं नुकसान नोकरीतच संपत नाही, आयुष्यभर चालतं. नोव्हेंबर २०१५ ला वन रँक वन पेन्शनचा (समान हुद्दा, समान सेवा, तर समान पेन्शन) आदेश निघाला, त्यातही कोस्ट गार्ड नाही. २००४ पासूनच्या भरतीला नवी पेन्शन योजना (पगारातून कापून साठवलेल्या पैशांवरची), सेनांना मात्र त्यातून सूट. एकाच समुद्रात, एकाच वादळात ड्युटी करणाऱ्या दोघांमध्ये हा फरक मला तरी पटत नाही.

फायदा नव्हताच असं नाही. नौदलात कमांडर ५४ ला रिटायर होतो, कॅप्टन ५६ ला, तर कोस्ट गार्डच्या नियमात कमांडंटपर्यंत (नौदलातल्या कमांडरच्या तोडीचं पद) ५७ आणि त्यावर ६० होतं. शिवाय दल नवीन, वाढतं, त्यामुळे मधल्या पदांवर लवकर जागा मिळेल असा हिशोब बऱ्याच जणांनी केला असणार.

वरच्या जागेचं मात्र वेगळंच. महासंचालक म्हणून वर्षानुवर्षं बहुतेक वेळा नौदलाचा व्हाइस ॲडमिरलच यायचा, त्यामुळे ज्यांनी नौदल कायमचं सोडलं त्यांची शिडी बहुतेक वेळा एक पायरी आधीच संपायची, आणि जे नौदलातच राहिले तेच शेवटी त्यांच्या डोक्यावर बॉस म्हणून यायचे. थेट कोस्ट गार्डमध्ये भरती झालेला अधिकारी त्या खुर्चीवर बसला तो २०१६ ला, दल सुरू होऊन ३९ वर्षांनी.