आमच्या खेळातलं पोर्टल कसं चालतं, आणि कुठे अडतं

आमच्या बोर्डगेममधलं पोर्टल, म्हणजे एका जागेहून थेट दुसऱ्या जागी नेणारं दार, काल्पनिक आहे, पण ते ज्या पृथ्वीवर उघडतं ती खरी आहे. म्हणून त्याच्या मर्यादा आम्ही पृथ्वीकडूनच घेतल्या.

पटावरची कन्याकुमारी आणि लेह पाहा. दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर. पृथ्वी फिरते त्यामुळे कन्याकुमारीत नुसता उभा असलेला माणूसही ताशी सुमारे १,६५५ किलोमीटर वेगाने पूर्वेला जात असतो. लेहमधला सुमारे १,३८५. कन्याकुमारीहून थेट लेहच्या दारात पाऊल टाकलंत, तर ताशी २७० किलोमीटरचा जादा वेग अंगात तसाच राहील आणि तुम्ही पूर्वेकडे फेकले जाल. परतताना पश्चिमेकडे. म्हणून एका उडीत थोडेच अक्षांश ओलांडता येतात. एकाच अक्षांशावर लांब उडी मारली तरी सुटका नाही, पृथ्वी गोल असल्याने तिथे वेगाची दिशा बदललेली असते.

मग हवा. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथला दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. दार सताड उघडलं तर दर चौरस मीटरला तीन टनांहून जास्त जोर लावत वारं आत घुसेल. त्यामुळे आमची दारं दुहेरी आहेत: एक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि त्यात एक डाव जातो. लेहला पोचल्यावर आणखी दोन डाव विश्रांती. विमानाने जाणाऱ्यांनाही तिथे आधी आराम करायलाच सांगतात, विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो.

वर जाताना ऊर्जेची सोंगटी द्यावी लागते, खाली येताना ती परत मिळते. ६० किलोचा माणूस लेहच्या उंचीवर न्यायला विजेच्या अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा लागते. ती माफ केली, तर पोर्टलने पाणी फुकट वर न्यायचं, टर्बाइनवर सोडून वीज काढायची, पुन्हा वर न्यायचं, असं कुणीही अखंड करत राहील. हा नियम आम्हाला सगळ्यांत प्रिय आहे.

वापरानंतर पोर्टल मिटतं, त्यामागेही विचार आहे. माणूस पार जाऊ शकेल असं वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा कल्पित बोगदा, उघडं ठेवायला ऋण (शून्याहून कमी) ऊर्जेचं द्रव्य लागेल, असं मॉरिस आणि थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडलं. आमच्या पटावर ते द्रव्य मोजकंच आहे.

लहान मुलं खेळत असतील तर वेगाचा नियम खुशाल सोडा. सोंगट्यांचा मात्र ठेवा.