खोडलेल्या नावाची सावली : १५०१ सालचा व्हर्जिल आणि त्याचे मालक

जुने पुस्तक म्हणजे पिवळे पडलेले आणि पान उलटताच कोपरा हातात येणारे पुस्तक, ही आपली समजूत घरातल्या माळ्यावरच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांवरून झालेली असते. त्या कादंबऱ्यांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन हवेने आणि उजेडाने तांबूस होते आणि कागदात राहिलेले आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत राहते. व्हेनिसचा छापखानेवाला आल्दुस मानुतिउस याने एप्रिल १५०१ मध्ये छापलेल्या, प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यसंग्रहाचा कागद मात्र जुन्या कापडाच्या चिंध्या कुटून केलेला होता, आणि पाचशे वर्षांनंतरही नीट सांभाळलेल्या प्रतीत तो पांढरट आणि लवचीक आढळतो. तेव्हा केवळ पिवळेपणावरून पुस्तकाचे वय ठरवायला निघालेला माणूस पहिल्याच पायरीवर फसतो.

या आवृत्तीचे महत्त्व दुहेरी आहे. फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरलेल्या तिरक्या, म्हणजे इटॅलिक, अक्षरात संपूर्ण छापलेले हे पहिले पुस्तक होते. शिवाय मोठा कागद तीनदा दुमडून आठ पाने करण्याच्या पद्धतीमुळे ते हातात मावणारे झाले आणि टीकाभाष्याचे ओझे टाकून दिल्यामुळे केवळ कविता वाचण्यासाठी कोणालाही सोबत नेता येऊ लागले. मागणी पाहून फ्रान्समधील ल्यों शहराच्या छापखान्यांनी आल्दुसच्या पुस्तकांच्या नकला काढल्या. आल्दुसने मार्च १५०३ मध्ये इशारापत्रक छापून सांगितले की नकली प्रतींचा कागद हलका असून त्याला उग्र वास येतो, अक्षरे फ्रेंच वळणाची आहेत आणि त्यांचे जोड नीट बसलेले नाहीत. त्याने छपाईच्या चुकाही एकेक करून मोजून दाखवल्या. ल्योंच्या मंडळींनी ती यादी समोर ठेवून चुका दुरुस्त केल्या! नांगराभोवती गुंडाळलेला डॉल्फिन हे आल्दुसचे प्रसिद्ध चिन्ह त्याच्या पुस्तकांवर १५०२ पासून दिसू लागले, त्यामुळे १५०१ च्या व्हर्जिलवर ते शोधणे व्यर्थ आहे.

प्रत अस्सल ठरली तरी ती कोणाकोणाच्या हातून आली हा प्रश्न उरतोच. चर्मपत्रावर छापलेल्या काही खास प्रतीही या आवृत्तीत निघाल्या होत्या, आणि व्हर्जिलच्या जन्मभूमीतील मांतुआची मार्कीझ (तिथल्या सत्ताधीशाची पत्नी) इसाबेला देस्ते हिने तशा प्रती मिळवण्यासाठी १५०१ मध्येच व्हेनिसमधील आपल्या माणसाकडे पत्रव्यवहार केला होता. मालकांच्या अशा साखळीचा पुरावा बहुधा पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर हाताने लिहिलेल्या नावात असतो, आणि नेमके तेच नाव नंतरच्या मालकाने धुऊन किंवा खरवडून काढलेले असते. पुस्तक चोरीचे असेल तर हे काम अधिकच मनापासून केलेले असते.

इथे शाई आपल्या मदतीला येते. छपाईची शाई काजळी आणि तेल यांची असे. नाव लिहिण्याची शाई मात्र मायफळ आणि हिराकस पाण्यात कालवून, त्यात डिंक घालून केलेली असे. मायफळ (जायफळ नव्हे) बाळगुटीच्या डबीत असते ते आपल्या ओळखीचे आहे. ते वास्तविक फळ नसून ओक जातीच्या झाडावर एका कीटकाच्या अंड्यामुळे आलेली गाठ आहे, आणि तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेले असते. हिराकशीतले लोह सुरुवातीला फेरस स्वरूपात असते, म्हणून ताजी शाई फिकी व पातळ राहते आणि कागदाच्या तंतूंमध्ये सहज झिरपते. मग हवेतला ऑक्सिजन त्या लोहाचे फेरिक रूप करतो, ते टॅनिनमधील आम्लांशी बांधले जाते आणि काळाभोर, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तंतूंच्या आतच तयार होतो. हिरड्याचा काढा लोखंडी कढईत ठेवल्यावर काळा पडतो, तोही याच कारणाने. वरची शाई धुतली गेली तरी आत अडकलेले थोडे लोह जात नाही.

आता अंधाऱ्या खोलीत त्या पानावर ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला जातो. त्याच्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कागदातील सेल्युलोजसोबत असलेले घटक आणि कागदाला घट्टपणा देण्यासाठी लावलेले जिलेटिन ती ऊर्जा शोषतात. त्यांच्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात, थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरण्यात खर्च होते आणि उरलेली काही नॅनोसेकंदांत कमी ऊर्जेच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या निळसर उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली दिसणारी चमक ती हीच, तिला प्रतिदीप्ती म्हणतात. लोहयुक्त शाईचा अवशेष मात्र अतिनील प्रकाश स्वतःच गिळतो आणि शेजारच्या रेणूंकडून आलेली ऊर्जाही उष्णतेत घालवतो. म्हणून चमकणाऱ्या पानावर खोडलेल्या अक्षरांच्या जागी गडद रेषा उमटतात. मागाहून घातलेले आधुनिक पान असेल तर कपड्यांच्या साबणासारखे उजळवणारे द्रव्य त्यातही असू शकते, आणि तेवढे एक पान भडक निळे होऊन चुगली करते.

व्हर्जिलचे पुस्तक सहज उघडून बोट पडेल त्या ओळीत भविष्य वाचण्याची, म्हणजे कौल लावण्याची, चाल युरोपात शतकानुशतके होती आणि रोमन सम्राट हेड्रियननेही असा कौल घेतल्याची कथा सांगतात. पुस्तकाला काही विचारायचेच असेल, तर निदान त्याला सांगता येण्याजोगा प्रश्न विचारावा.

दिव्याखाली उमटलेले नाव वाचता येणे हीही अर्धीच गोष्ट आहे. ते हस्ताक्षर त्या माणसाच्या इतर पत्रांशी आणि त्याच्या मृत्युसमयीच्या ग्रंथयादीशी जुळवावे लागते. पात्याने तंतूंसकट शाई उचलली असेल तर गडद रेषा उमटतही नाहीत. शिवाय ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा तो मारा कागदालाही सोसत नाही, म्हणून जाणते ग्रंथपाल कॅमेरा आधी तिकाटण्यावर नीट बसवतात, दिवा क्षणभर लावतात, छायाचित्र घेतात आणि पुढचे सारे वाचन त्या छायाचित्रावर करतात.