पाणी वाढलं ते पैशामुळे की पावसामुळे?

पाणलोटाच्या कामांचे अहवाल चाळले की दोन फोटो हटकून भेटतात. एकात कोरडाठाक नाला आणि त्यात उतरलेला जेसीबी, दुसऱ्यात तोच नाला तुडुंब. खाली खर्चाचा आकडा. आता पहिला फोटो मे २०१६ चा आणि दुसरा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा असला, तर त्यावरून कामाबद्दल काहीही सांगता येत नाही. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं आणि पावसाळा संपता संपता लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं. मधल्या काळात कुणी छदामही खर्च केला नसता, तरी नाल्यात पाणी दिसलंच असतं.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींवरून यामागचं तत्त्व मांडलं. फार उंच आईबापांची मुलं उंच निघतात, पण सहसा तितकी नाही. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप बहुधा सरासरीकडे सरकतं. मराठवाड्यात योजना जाहीर होते ती दुष्काळात, गावं निवडली जातात सगळ्यात जास्त टंचाईची आणि यश मोजलं जातं बऱ्या पावसाळ्यानंतर. मग काम चोख असो की नुसतं एमबीत (कामाच्या मोजमापाच्या सरकारी वहीत) चढवलेलं, आकडे सुधारतातच. याची उलटी बाजूही आहे: २०१८ सारख्या कोरड्या वर्षी मोजलं तर चांगलं कामसुद्धा नापास.

यावर उपाय आहे आणि तो फारसा अवघड नाही. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात ४० लाखांची कामं झाली. कामाआधीच्या ऑक्टोबरात निरीक्षण विहिरीचं पाणी ९ मीटर खोल होतं, नंतरच्या ऑक्टोबरात ५ मीटरवर आलं. पातळी ४ मीटरने वाढली, म्हणजे मीटरमागे १० लाख. आता तसाच खडक, तेवढाच पाऊस, पण काम न झालेलं जवळचं गाव घ्या. तिथे पाणी ९ वरून ६ मीटरवर आलं. म्हणजे ३ मीटर पावसाचे, १ मीटर कामाचा, आणि त्या एका मीटरला ४० लाख. खर्च तोच, कामही तेच, फक्त तुलना नीट केली तर भाव चौपट निघाला. अर्थशास्त्रज्ञ या पद्धतीला ‘फरकांमधला फरक’ म्हणतात. पैसा गेला नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज शेजारच्या गावावरून बांधायचा, एवढीच त्यातली युक्ती.

पण त्या एका मीटरवरही डोळे झाकून विसंबू नये. आपल्याकडे बेसाल्टचा काळा पाषाण. त्यात पाणी मावतं ते वरच्या मुरुमात आणि भेगांत. दोन विहिरींत शे-दोनशे मीटरचं अंतर असलं, तरी एकीला पाणी आणि दुसरी कोरडी. शिवाय नाल्यात पाणी दिसलं की चार जण नवं बोअर घेतात, दोघं ऊस लावतात. मार्चपर्यंत पातळी शेजारच्या गावाइतकीच खाली. मग काम वाया गेलं का? नाही, पाणी पिकात गेलं. ते कुणाच्या पिकात, हा वेगळा आणि कडू विषय. तुलनेचं गाव त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला असेल, तर वर अडवलेलं पाणी त्याच्याच वाट्याचं असू शकतं. अशी तुलना कामाचं श्रेय विनाकारण फुगवते.

म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा पातळी मोजते. त्या चारही नोंदी पाहाव्यात, सोबत रब्बीचा पेरा. मला विचाराल तर सगळ्यात बोलका आकडा म्हणजे गावात पहिला टँकर कोणत्या आठवड्यात लागला तो. (टँकर लागण्यातही राजकारण असतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.)

यातलं काही न पाहता नुसते रुपये मोजले की काय होतं, ते अनुशेषाच्या इतिहासात दिसतं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते काढलं आणि ती तूट रुपयांत मांडली. राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून हिशेब केला, तेव्हा राज्याचा आकडा १४,००६ कोटींवर आणि मराठवाड्याचा ४,००४ कोटींवर गेला होता. बांधकामाचे दर वाढले होते, पुढचे जिल्हेही थांबले नव्हते. तूट किलोमीटरची आणि हेक्टरची. रुपये हा तिचा त्या वर्षीचा भाव. तेवढे रुपये खर्ची पडले म्हणून रस्ता झाला किंवा शेतात पाणी आलं, असं होत नाही. मार्च एंडला निधी परत जाऊ नये म्हणून जी धावपळ होते, तिला उपयोगिता प्रमाणपत्र पुरतं. ते पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याची ग्वाही देतं, उपयोग झाल्याची नाही.

गावोगावी पाणी अडवण्याच्या राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेबद्दल २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल आला: ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश नाही. त्यावर जोरदार राजकारण झालं. दोन्ही बाजूंना विचारायचा प्रश्न मात्र एकच: कोणत्या पावसाची कोणत्या पावसाशी तुलना केली, आणि काम न झालेल्या गावांत त्याच काळात काय घडलं?

‘तुलनेसाठी एखादं गाव तहानलेलं ठेवायचं का?’ असा आक्षेप हमखास येतो. तशी गरजच नाही. निधी कधीच सगळ्या गावांना एका वर्षी पुरत नाही; पहिल्या यादीत काही, उरलेली पुढच्या वर्षी. दुसऱ्या यादीतल्या गावांच्या विहिरी पहिल्याच वर्षापासून मोजल्या की तुलना आपोआप तयार होते, कुणाचा हक्क न डावलता. त्यातही पहिल्या यादीतली नावं तालुक्याच्या बैठकीत ठरवण्याऐवजी, सारख्याच टंचाईच्या गावांमधून चिठ्ठ्या टाकून काढली, तर आमदाराचं गाव आधी आणि म्हणून निकाल चांगला, ही शंकाही मिटेल.