बल व गती (दैनंदिन जीवनातील)

वस्तूला ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल लावणे, आणि आजूबाजूच्या वस्तूंच्या तुलनेत तिची जागा काळानुसार बदलत जाणे म्हणजे गती. बलामुळे थांबलेली वस्तू चालू लागते, चालती थांबते, तिचा वेग किंवा दिशा बदलते, तर कधी आकारच बदलतो; परातीत ज्वारीची भाकरी थापताना पिठाचा गोळा तळव्याखाली पसरत जातो, तो असा बदल होय. बल लावण्यासाठी स्पर्श लागतोच असे नाही, कारण लोहचुंबक टाचणीला दुरूनच ओढतो. बलाचे एकक न्यूटन हे आहे.

लहान मुलांचा, आणि खरे तर पुष्कळ मोठ्यांचाही, असा समज असतो की गती टिकवायला सतत बल लावावे लागते. आयझॅक न्यूटन यांनी 1687 साली मांडलेला गतीचा पहिला नियम याच्या उलट सांगतो : बाहेरून असंतुलित बल (म्हणजे दुसऱ्या बलाने रद्द न झालेले बल) लागले नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या गुणधर्माला जडत्व म्हणतात.

सोलापूरच्या मुलांना हे समजावण्यासाठी हातमाग हे उत्तम साधन आहे. विणकर दोरीला झटका देतो, तेव्हा पेटीतला ठोकळा धोट्याला, म्हणजे धागा वाहून नेणाऱ्या साधनाला, जोराने ढकलतो आणि धोटा ताण्याच्या (उभ्या) उघडलेल्या धाग्यांमधून बाण्याचा (आडवा) धागा मागे सोडत पलीकडच्या पेटीत जातो. मधल्या वाटेत त्याला कोणीही ढकलत नसते; तो केवळ जडत्वामुळे पुढे जातो. झटका कमी पडला, तर घर्षणामुळे तो मध्येच अडकतो. जास्त झाला, तर पलीकडे आदळून उसळी घेतो. दोरीने धोटा फेकण्याची ही युक्ती जॉन के यांनी 1733 मध्ये इंग्लंडमध्ये शोधून काढली. एसटीने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तेही जडत्वामुळेच.

एकमेकांना टेकलेल्या पृष्ठभागांमधील घसरण्याला विरोध करणारे बल म्हणजे घर्षण. कॅरमच्या पाटावर पावडर टाकली की त्याच टिचकीने स्ट्रायकर अधिक दूर जातो. घर्षण नेहमीच अडथळा आणते असे मात्र नाही. ओल्या फरशीवर पाय घसरतो, तेव्हा चालण्यासाठी घर्षणाची किती गरज असते ते कळते.

पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. या गुरुत्वाकर्षणामुळे 1 किलो ज्वारीवर सुमारे 9.8 न्यूटन बल लागते, मग ती पोत्यात असो वा हातात. वस्तू स्थिर दिसते म्हणून तिच्यावर बल नाही, असे समजणे चूक आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, मिरवणुकीने निघतात. उंच काठी उभी पेलून धरणारा माणूस तिच्या भाराइतकेच बल वरच्या दिशेने लावत असतो, म्हणून ती खाली येत नाही. पण भार पेलला म्हणजे तोल साधला असे नव्हे : काठी ज्या बाजूला कलू लागते, त्याच बाजूला तो पाऊल टाकतो आणि काठीचे बूड पुन्हा तिच्या भाराखाली आणतो.