४८ नव्हे, ४६: माणसाच्या गुणसूत्रांची मोजणी

डाऊन, टर्नर, क्लाइनफेल्टर या सिंड्रोमचं, म्हणजे जन्मजात लक्षणसमूहांचं, निदान आज रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं तपासून होतं. पण माणसाची गुणसूत्रं किती, याचंच उत्तर १९५६ पर्यंत पाठ्यपुस्तकांत चुकीचं छापलं जात होतं.

वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ च्या सुमारास सॅलॅमँडर या पालीसारख्या उभयचर प्राण्याच्या पेशी रंगवून विभाजनाचे टप्पे टिपले. त्या पेशी मोठ्या, गुणसूत्रं ठसठशीत. माणसाचं तसं नाही. एका पेशीतला सुमारे २ मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि एरवी केंद्रकात विस्कटून पसरलेला असतो. विभाजनाच्या वेळीच तो घट्ट आवळला जाऊन गुणसूत्रं वेगवेगळी दिसतात, तीही एकमेकांवर चढलेली. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी वृषणाच्या ऊतीचे पातळ काप तपासून ४८ हा आकडा दिला. पुढची तीस वर्षं इतरांनाही ४८ च दिसत राहिली. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका भाग हाच आहे. आकडा आधीच ठाऊक असला, की अस्पष्ट चित्रातही तोच सापडतो.

कोंडी फुटली ती पेशी तयार करण्याच्या पद्धतीमुळे. १९५२ मध्ये टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत क्षारांचं प्रमाण चुकून कमी झालेल्या द्रावणात पेशी धुतल्या गेल्या; त्या फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी झाली. कोल्चिसीन हे द्रव्य गुणसूत्रांना ओढून वेगळं करणारे तर्कुतंतू बनू देत नाही, त्यामुळे विभाजन मध्यावरच थांबतं. स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी या दोन्ही युक्त्या एकत्र वापरल्या. १९५५ च्या डिसेंबरमध्ये त्यो यांना भ्रूणाच्या फुप्फुसातल्या पेशींत ४६ गुणसूत्रं स्पष्ट दिसली. पुढच्याच वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि फोर्ड व हॅमर्टन यांनी त्याला दुजोरा दिला.

त्यानंतर मात्र शोधांना वेग आला. १९५९ या एकाच वर्षात डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र तीनदा असतं, लिंग ठरवणाऱ्या एक्स आणि वाय गुणसूत्रांपैकी टर्नरमध्ये एकच एक्स असतो आणि क्लाइनफेल्टरमध्ये एक्सएक्सवाय असतात, हे समोर आलं. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात जोडीतली गुणसूत्रं वेगळी झाली नाहीत, की असा फरक पडतो.

डाऊनच्या शोधाचं श्रेय अनेक वर्षं फ्रेंच संशोधक जेरोम लेज्युन यांनाच दिलं गेलं. पण पॅरिसमध्ये पेशी वाढवण्याची सोय उभी केली ती मार्थ गोतिए यांनी. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या रक्तातला द्रवही वापरला. शोधनिबंधात त्यांचं नाव दुसरं आलं, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. हा अन्याय होता, असं मला स्पष्टपणे वाटतं.

मोजणी जमली तरी सारख्या आकाराची गुणसूत्रं ओळखणं अवघडच होतं. १९७० नंतर रंगद्रव्यांनी त्यांवर पट्टे उमटवता येऊ लागले. त्या पट्ट्यांवरूनच १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या अदलाबदलीतून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये रुग्णांसाठी मंजूर झालं.