प्लस सिलिंडर की मायनस सिलिंडर? चष्म्याचा एकच नंबर, लिहायच्या दोन पद्धती

एकाच डोळ्याचा नंबर दोन ठिकाणी तपासला आणि दोन कागदांवर हे आकडे आले, असं समजा:

−२.०० / −१.५० × १८०
−३.५० / +१.५० × ९०

पाहताक्षणी वाटतं की नंबर दीडने वाढला, नाहीतर कुणीतरी तपासण्यात चूक केली. पण या दोन्ही कागदांवरून चष्मा बनवला तर काच अगदी तीच येते. पहिला नंबर मायनस सिलिंडर पद्धतीने लिहिलाय, दुसरा प्लस सिलिंडर पद्धतीने.

हे कसं, ते काचेवरच बघू. पहिला आकडा स्फियरचा. तो काचेच्या सगळ्या दिशांना सारखा लागू होतो. दुसरा सिलिंडरचा, आणि × नंतरचा तिसरा ॲक्सिसचा, म्हणजे सिलिंडरची दिशा अंशांत. सिलिंडरची शक्ती त्याच्या ॲक्सिसच्या दिशेत शून्य असते आणि ॲक्सिसला काटकोनात पूर्ण असते. १८० म्हणजे आडवी दिशा, ९० म्हणजे उभी. पहिल्या कागदाप्रमाणे आडव्या दिशेत फक्त स्फियर, म्हणजे −२.००, उभ्या दिशेत −२.०० आणि −१.५० मिळून −३.५०. आता दुसरा कागद घ्या. ॲक्सिस ९०, म्हणून उभ्या दिशेत नुसता स्फियर −३.५०, आणि आडव्या दिशेत −३.५० मध्ये +१.५० मिळवून −२.००. काच तीच, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या टोकापासून केली.

नेत्रतज्ज्ञांमध्ये प्लस पद्धत बरीच आढळते. ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर तपासणारे) आणि चष्मा बनवणारे बहुतेक मायनस पद्धत वापरतात. टॉरिक, म्हणजे सिलिंडर असलेल्या, कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर तर नेहमी मायनस सिलिंडरमध्येच लिहिलेला असतो.

एका पद्धतीतून दुसरीत जायचं तर तीन गोष्टी कराव्या लागतात, आणि तिन्ही एकत्रच. स्फियर आणि सिलिंडर चिन्हांसकट मिळवा, तो नवा स्फियर. सिलिंडरचा आकडा तोच ठेवून चिन्ह उलटा. ॲक्सिस ९० किंवा त्याहून कमी असेल तर त्यात ९० मिळवा, जास्त असेल तर ९० वजा करा.

सर्वात जास्त घाबरवतो तो असा नंबर: +१.०० / −२.५० × ७०. बदलल्यावर तो होतो −१.५० / +२.५० × १६०. काल प्लसचा नंबर होता, आज मायनसचा कसा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. अशा डोळ्याला एका दिशेत प्लस लागतो आणि दुसऱ्या दिशेत मायनस, म्हणून पद्धतीप्रमाणे स्फियरचं चिन्हच पालटतं. बदल बरोबर झाला का, हे पडताळायला स्फियरमध्ये सिलिंडरचा निम्मा आकडा मिळवा. इथे दोन्हीकडे −०.२५ येतं. मात्र या पडताळणीत ॲक्सिसची चूक सापडत नाही, तो वेगळा तपासावा.

चष्मा बिघडतो तो अर्धवट बदलामुळे. पहिल्या उदाहरणात कुणी सिलिंडरचं चिन्ह तेवढं उलटलं आणि बाकी तसंच ठेवलं, तर −२.०० / +१.५० × १८० होतं. उभ्या दिशेत हवे −३.५०, मिळतात −०.५०. तब्बल तीन डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) फरक! ॲक्सिस चुकला तरी असाच फटका बसतो. १० अंशांच्या चुकीने सिलिंडरच्या साधारण एक तृतीयांश दोष डोळ्याला तसाच राहतो. ३० अंशांची चूक झाली तर उरलेला दोष मूळ सिलिंडरइतकाच भरतो. म्हणून ॲक्सिसच्या आकड्यापुढे अंशाचं वर्तुळ काढू नये. घाईच्या अक्षरात १८ चे १८० वाचले जातात. प्लसचं चिन्हही गृहीत धरून सोडू नये.

जवळचं वाचण्यासाठी लिहिलेली ॲडिशन, प्रिझम आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर यांना या बदलात हात लावायचा नाही. पण जवळचा नंबर ॲडिशन म्हणून न देता पूर्ण लिहिला असेल, तर तोही वरच्याच तीन पायऱ्यांनी बदलावा लागतो.

जुना आणि नवा नंबर ताडून पाहण्याआधी दोन्ही एकाच पद्धतीत आणा. नंबर वाढला की नाही, हे त्याशिवाय सांगताच येत नाही. मशीनमधून निघालेली छापील चिठ्ठी या तुलनेत धरू नका. ती तपासणीची सुरुवात असते, अंतिम नंबर काचा लावून वाचून घेतल्यावरच ठरतो.

चष्मा ऑनलाइन मागवताना कागदावर जे आहे तेच, चिन्हांसकट भरा. फॉर्ममध्ये फक्त मायनस सिलिंडर चालत असेल तर आधी पूर्ण नंबर बदलून घ्या, नुसतं चिन्ह बदलून पुढे जाऊ नका. आणि एकाच कागदावर उजव्या डोळ्याला प्लस सिलिंडर, डाव्याला मायनस असं दिसलं, तर ऑर्डर थांबवा आणि ज्यांनी नंबर काढला त्यांना विचारा. एका कागदावर सहसा एकच पद्धत असते, त्यामुळे तिथे चिन्ह लिहिताना चूक झालेली असण्याची शक्यता बरीच असते.