आवाज बसतोय? नॉबला हात लावू नका

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर असतो आणि रात्रीच्या लग्नाचा साउंड लॉनवर दुपारीच लागलेला असतो. स्पीकरच्या काळ्या पेट्या उन्हात तापत पडतात. मग ऐन वरातीत हॉर्न, म्हणजे पेटीतला उंच स्वरांचा भोंगा, मुका होतो आणि प्रश्न येतो: पेटी पाचशे वॅटची, ॲम्प (ॲम्प्लिफायर) दोनशेचा, तरी जळलं कसं?

स्पीकरमध्ये गेलेल्या विजेपैकी जेमतेम एक ते चार टक्क्यांचाच आवाज होतो. बाकी सगळी उष्णता, तीही कोनमागच्या (हलणाऱ्या पडद्यामागच्या) बारीक तारेच्या कॉइलमध्ये. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांना ६ ओहमची कॉइल २०० अंशांना १० ओहमवर जाते. रोध वाढला की ती ॲम्पकडून वीज कमी घेते आणि आवाज बसतो. ऑपरेटरला वाटतं गर्दी वाढली. तो नॉब आणखी फिरवतो, कॉइल आणखी तापते. कॉइलवरच्या वार्निशचा जळका वास येईपर्यंत वेळ गेलेली असते. गाणं थांबलं की कॉइल लवकर निवते, मॅग्नेट मात्र बराच वेळ गरम राहतो. म्हणून पेट्या सावलीत ठेवा.

आता त्या दोनशे वॅटच्या ॲम्पचं. कुवतीबाहेर ताणला की तो आवाजाच्या लाटेचे माथे सपाट कापतो, यालाच क्लिपिंग म्हणतात. स्वच्छ गाण्यात माथे क्षणभराचे असतात, सरासरी शक्ती फार कमी. लाट पार चौकोनी झाली तर हाच ॲम्प ४०० वॅटपर्यंत ओततो. पेटीवरचे पाचशे वॅट मुख्यतः बासच्या ड्रायव्हरच्या (पेटीतल्या खर्जाच्या स्पीकरच्या) भरवशावर लिहिलेले असतात. हॉर्नची चिमुकली कॉइल त्यातला थोडाच हिस्सा सोसते. आधी तीच जाते.

सर्वांत दणदणीत गाणं लावा. मिक्सरचा लाल दिवा लागणार नाही इतकाच गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) ठेवा, मग ॲम्प चढवा. ॲम्पचा क्लिपचा दिवा क्वचित लुकलुकला तर ठीक. लागूनच राहिला तर ३ डेसिबल उतरवा. शक्ती निम्मी होते, कानाला फरक जेमतेम कळतो. बास ६ डेसिबल वाढवला तर त्या पट्टीत चौपट शक्ती लागते, हे मात्र कुणी ऐकत नाही! पुढे भोक असलेल्या बासच्या पेटीला साधारण ४० हर्ट्झखाली लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा. तिथे आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो.

आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा शेजारी तशीच दुसरी पेटी लावा. फक्त ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात. ॲम्पला ते झेपतं का पाहा.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची वायर सोडून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा चांगला ड्रायव्हर साडेपाच ते सात ओहम दाखवतो; काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. आकडा बरोबर असला तरी चारही बोटांनी बासचा कोन सरळ, हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल फुगून मॅग्नेटला घासतेय. ती पेटी रिकोनला, म्हणजे कोन-कॉइल बदलायला, द्या.